गिग पबमध्ये, पब्लिक कॉलेजात

तुमचा आवडता बँड तुमच्या शहरात येतोय. नवा अल्बम आलाय, त्याची टूर आहे, पोस्टर तीन आठवडे इन्स्टावर फिरतंय. तिकीटही परवडण्यासारखं. तुम्ही लिंक उघडता आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं दिसतं, ‘प्रवेश फक्त २१ वर्षांवरील व्यक्तींना’. तुम्ही एकोणीसचे. विषय संपला.

महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि हार्ड ड्रिंक्ससाठी २५ ही वयाची अट आहे. तिच्याशी माझं काही भांडण नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे. आपल्याकडे इंडी बँडने वाजवायची जागा म्हणजे पब, हे आपण सगळ्यांनी इतकं निमूट मान्य कसं काय केलं? पबवाल्याचा धंदा दारूवर आणि खाण्यावर चालतो. बँड असला काय, डीजे असला काय आणि क्रिकेटची मॅच असली काय, त्याला टेबलं भरण्याशी मतलब. त्यात गैर काही नाही, पण मग गंमत अशी होते, की ज्या वयात माणूस एक अल्बम महिनाभर रिपीटवर ऐकतो, नेमके त्याच वयाचे लोक दाराबाहेर. आणि आत कोण? तर ऑफिस सुटल्यावर आलेले, शेवटच्या गाण्यापर्यंत बिलावरून वाद घालणारे.

दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँड घ्या. नाव कंपनीचं, माणसं पाच. २०११ मध्ये ‘सिनेमा’ आला, २०१९ मध्ये ‘बिस्मिल्लाह’. सूर्यकांत साहनीचा जुन्या हॉलिवूडमधल्या गायकांसारखा संथ, आळसावलेला आवाज, मागे ट्रम्पेट, मध्येच डिस्को, मध्येच लग्नाच्या वरातीची आठवण यावी असं काहीतरी. ‘फ्लोटेड बाय’ या गाण्याच्या व्हिडिओत तर त्याच्या स्वतःच्या लग्नाचंच चित्रण आहे. मग पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बेटा’ नावाचा अल्बम आला आणि तो घेऊन ही मंडळी अमेरिका, युरोप, भारत अशी फिरली. मला ‘बेटा’पेक्षा ‘बिस्मिल्लाह’ जास्त आवडतो, पण ते जाऊ दे. मुद्दा हा, की पाच वर्षांनी केलेलं काम कुणीतरी तुमच्यासमोर उभं राहून वाजवणार आहे.

एवढं फिरायचं कशाला, गाणी तर फोनवर आहेतच, असं कुणीतरी म्हणतंच. फोनवर आहेत म्हणूनच फिरावं लागतं. एका स्ट्रीममागे मिळणारी रक्कम पैशांत मोजायची असते, रुपयांत नाही. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की आधीच्या १२ महिन्यांत एखादं गाणं किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याच्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी शून्य. मोठ्या बँडला याने फरक पडत नाही. तुमच्याच कॉलेजातल्या, पहिली चार गाणी काढलेल्या बँडला पडतो. म्हणून पैसे उभे करायचे ते दौऱ्यावर, तिकिटं आणि टी-शर्ट विकून. त्यातून प्रवास, राहणं, साउंड इंजिनिअर, भाड्याचा ड्रमसेट आणि जागेच्या मालकाचा वाटा वजा करा. काय उरतं ते पाच जणांत वाटा.

दौरा ही गोष्ट मराठी माणसाला शिकवायची गरज खरं तर नाही. नाटकाची बस आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलीय. तमाशाचं गणित त्याहून सरळ. चैत्रातल्या यात्रांच्या आधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तिथे येतात, कुठला फड, कोणती तारीख, किती सुपारी हे ठरतं, आणि पैसे गावाच्या वर्गणीतून जातात. गावाला तमाशा हवा असतो म्हणून गाव वर्गणी काढतं. कोणत्या शीतपेयाचा लोगो कनातीवर लावायचा, इथून चर्चा सुरू होत नाही.

आता आपल्या फेस्टची मीटिंग आठवा. सुरुवात कुठून होते? स्पॉन्सर कोण आणि सेलिब्रिटी कोण. बजेटचा मोठा घास एका पार्श्वगायकाला, जो चाळीस मिनिटं येतो, त्यातली दहा ‘मुंबई, आवाज येत नाहीये’ यात घालवतो. आणि स्वतःची गाणी करणाऱ्या बँडला काय सांगितलं जातं? ‘मानधन नाही, पण एक्स्पोजर मिळेल.’ वर ‘दोन-तीन हिंदी कव्हर्स घ्या, पब्लिकला ओळखीचं लागतं.’ एका फेस्टच्या कमिटीत मी हे वाक्य तीन बँडना एकाच दुपारी सांगितलेलं ऐकलंय. तिघांनीही फोन अगदी नम्रपणे ठेवला.

कॉलेजच्या जागेत रॉक हे काही आक्रीत नाही. ‘द हू’ या ब्रिटिश बँडचा ‘लाइव्ह अॅट लीड्स’ हा अल्बम रॉकमधल्या सर्वोत्तम लाइव्ह रेकॉर्डिंगपैकी एक मानला जातो. तो १४ फेब्रुवारी १९७० रोजी कुठल्या स्टेडियममध्ये नाही, तर लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात रेकॉर्ड झाला. म्हणजे मेसमध्येच म्हणा ना! अमेरिकेतला आर.ई.एम. हा बँड तर अथेन्स या विद्यापीठाच्या गावात १९८० मध्ये जन्मला आणि विद्यार्थी चालवत असलेल्या कॉलेज रेडिओंनी त्याला मोठं केलं. आणि आपल्याकडे? मुंबईत झेवियर्सच्या शेजारी रंगभवन होतं. उघड्यावरचं, स्वस्त, वयाची भानगड नाही. ‘इंडिपेन्डन्स रॉक’ गाजला तो तिथे. पुढे तो परिसर शांतता क्षेत्रात मोडतो म्हणून तिथले कार्यक्रम थांबले. त्याच्या तोडीची जागा विद्यार्थ्यांना नंतर मिळाली नाही. फेस्टिव्हल आले, तिकिटं हजारांत गेली. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबईत आले, तेव्हा ऑनलाइन रांगेत आपल्यातले किती जण होते ते सांगायला नको. आईबाबांचे फोनसुद्धा रांगेला लावले होते.

पण सभागृहं तर आहेत. जुन्या म्हणाव्या अशा बहुतेक कॉलेजांकडे तीनशे-चारशे खुर्च्यांचा हॉल आहे आणि तो वर्षातून बरेच दिवस कुलूपबंद असतो. ४०० जणांनी प्रत्येकी २५० रुपये काढले की लाख रुपये होतात. त्यात साउंड सिस्टीम, राहण्याची सोय आणि मध्यम नावाच्या बँडचं मानधन, असं काहीतरी जमवता येतं. दारू नाही, म्हणून वयाची अट नाही. खुर्च्या पुढून काढता आल्या तर फार उत्तम, बसून रॉक ऐकणं म्हणजे शिक्षा.

आणि हे फक्त मुंबई-पुण्याचं गाऱ्हाणं नाही. इंडी टूरच्या नकाशावर महाराष्ट्र सहसा या दोन शहरांवरच संपतो. शुक्रवार मुंबई, शनिवार पुणे, रविवार बंगळुरू. मधले चार दिवस बँड बसून असतो. पुण्याहून बंगळुरूला रस्त्याने जायचं तर कोल्हापूर वाटेवरच लागतं! मुंबईहून नाशिक चार तासांवर. तिथल्या कॉलेजांनी बुधवारची तारीख मागितली तर बँड नाही म्हणेल असं मला वाटत नाही. रिकाम्या दिवसाचा दर तसाही कमी असतो.

प्राचार्य नाही म्हणतील, हे मान्य. पहिलं कारण आवाज. मग शो दुपारी चारला ठेवा, सातला संपवा, रात्री दहाच्या नियमाचा प्रश्नच येत नाही. दुसरं कारण ‘रॉक म्हणजे धिंगाणा’. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिर कसं दणाणतं ते त्यांनी पाहिलेलं असणारच, तिथे कुणी पोलीस बोलवत नाही. तिसरं कारण मात्र खरं आहे. तिकीट काढायचं म्हटलं की आपणच मागे फिरतो. ‘आपल्याच कॉलेजात, आणि पैसे?’ कमिटीतल्या मित्राकडून फुकट पास मागण्यात आपल्याला भारी वाटतं. पास मागणारे दीडशे जण झाले की वरचं सगळं गणित बसलं म्हणून समजा.

फेस्टच्या कमिट्या जुलै-ऑगस्टमध्ये बनतात. बहुतेक बँडच्या इन्स्टा प्रोफाइलवर बुकिंगचा ईमेल असतो. हॉलची क्षमता, दोन-तीन पर्यायी तारखा आणि ‘इतके पैसे देऊ शकतो’ हा खरा आकडा, एवढंच लिहून पाठवा. आणि त्या मेलमध्ये कव्हर्सबद्दल अवाक्षरही काढू नका.