पाळण्यात बसलेल्या लेकराचा कान कुणाच्या हद्दीत येतो?

आमच्या बीड जिल्ह्यात थीम पार्क नाही. ज्यांच्या शाळेची सहल निघते ती पोरं एखाद्या वर्षी वॉटर पार्क बघून येतात आणि वर्षभर तिथल्या रेन डान्सच्या गोष्टी सांगतात. बाकी सगळ्यांचा थीम पार्क म्हणजे जत्रा. महाशिवरात्रीला बीडच्या कंकालेश्वराची, परळीला वैद्यनाथाची, नाहीतर आपापल्या गावच्या देवाची. आकाशपाळणा, ब्रेकडान्स, टोराटोरा, ड्रॅगन आणि पलीकडे मौत का कुआँ. प्रत्येकाचा जनरेटर वेगळा, स्पीकर वेगळे, माईकवर ओरडणारा गडी वेगळा. ब्रेकडान्सचं गाणं टोराटोराच्या गाण्याला गिळतं म्हणून टोराटोरावाला आवाज वाढवतो, मग ब्रेकडान्सवाला वाढवतो. मधल्या बोळातून आई चाललेली असते आणि कडेवरच्या लेकराचा कान बरोबर स्पीकरच्या उंचीला आलेला असतो.

मला या जत्रा आवडतात. हे आधीच सांगतो, कारण आवाजाविरुद्ध कुणी बोललं की लगेच 'याला गरिबांचा आनंद बघवत नाही' असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. माझी तक्रार आनंदाबद्दल नाही. पाळणा वर गेल्यावर पोटात जो गोळा येतो त्याला स्पीकर लागत नाही, आणि विहिरीच्या फळ्यांवर मोटारसायकल आडवी फिरते तेव्हा डोळेच फाटतात. मग कानांवर हा मारा कशासाठी?

आधी थोडा हिशेब. आवाजाच्या डेसिबलचं गणित आपल्या रोजच्या गणितासारखं चालत नाही. तीन डेसिबल वाढले की कानावर आदळणारी ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की दसपट. कामाच्या ठिकाणच्या आवाजाबद्दल अमेरिकेतल्या 'नायोश' या संस्थेने घालून दिलेली शिफारस जगभर वापरली जाते: ८५ डेसिबल असेल तर दिवसाला ८ तास, ८८ असेल तर ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. म्हणजे मोठ्या स्पीकरपुढे मिरवणुकीतली तीन गाणी संपेपर्यंत दिवसभराचा कोटा संपलेला असतो, आणि आपली मिरवणूक तर अजून चौकातच आलेली नसते. लेकरांसाठी ही मर्यादा आणखी खाली धरतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल म्हणते, मुलांसाठी ७५.

यंत्र नसेल तरी चालतं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज साधारण ८५ च्या पुढे गेला असं समजायचं. आता जत्रेतलं तिकीट कसं काढता ते आठवा. बोटं दाखवूनच काढता ना?

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. त्या आवाजाच्या लाटेवर डोलतात आणि मेंदूला निरोप देतात. त्या एकदा मेल्या की माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. जत्रेतून किंवा वरातीतून आल्यावर कान दबल्यासारखे होतात, आत शिट्टी वाजत राहते, आणि सकाळी सगळं ठीक वाटतं. म्हणून आपण म्हणतो, 'काही नाही होत, झोपलं की मोकळे होतात.' २००९ मध्ये शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी त्या पेशींना मज्जातंतूशी जोडणारे धागे मोठ्या संख्येने कायमचे तुटलेले होते. साध्या तपासणीत हे सापडत नाही. माणसातही असंच घडत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे.

आणि बहिरेपण येतं ते दार आपटावं तसं येत नाही. आवाजाचा मार बसलेल्या कानात पहिला खड्डा साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. उंच पट्टीतल्या या भागात स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं ओळखण्याची बरीच खूण असते. त्यामुळे आवाज येतो, शब्द कळत नाही. वर्गात मागे बसलेला पोरगा 'काय म्हणले सर?' म्हणून शेजाऱ्याला विचारतो आणि सर त्याला 'लक्ष कुठंय रे?' म्हणून उठवतात.

आता माझ्या जिल्ह्याची गोष्ट. इथे पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात. पोलीस भरती, लष्कर भरती. शेतात पाणी नाही, कारखाने ऊस तोडायला मजूर नेण्यापुरतेच आमचे, म्हणून वर्दी हाच एक रस्ता. छातीचे सेंटिमीटर, सोळाशे मीटरची वेळ, गोळ्याचं अंतर, सगळं त्यांना पाठ असतं. लष्कराच्या वैद्यकीय तपासणीत ६१० सेंटिमीटरवरून, म्हणजे वीस फुटांवरून कुजबुजलेलं प्रत्येक कानाने वेगवेगळं ऐकू यावं लागतं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. गुडघा दुखला तर महिनाभर पळणं बंद करणारा पोरगा जयंतीच्या मिरवणुकीत बेसच्या खोक्याला छाती लावून तीन तास नाचतो. माझ्या नात्यातल्या एकाला बाविसाव्या वर्षी रात्री शांततेत झोप येत नाही. कानात सतत बारीक शिट्टी वाजते, म्हणून तो पंखा फुल करून झोपतो. गोळी नाही यावर, डॉक्टरांनी सांगितलं, सवय करून घे.

ऊसतोडीच्या हंगामात हेच ट्रॅक्टरवर दिसतं. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, आणि चालकाच्या डोक्यामागे गच्च स्पीकर. मागून येणारा हॉर्न त्याला ऐकू जात नाही, हा अपघाताचा धोका सगळ्यांना दिसतो. रात्रंदिवस त्या स्पीकरला डोकं टेकून बसलेल्या गड्याचा कान कुणाला दिसत नाही. पाळणा फिरवणारा, तिकीट फाडणारा, विहिरीत सायलेन्सर काढलेली गाडी चालवणारा, डीजेच्या गाडीवर केबल सांभाळणारा, ही सगळी याच वर्गातली माणसं. कारखान्यातल्या कामगारासाठी ८ तासांना ९० डेसिबल अशी मर्यादा आपल्याकडे कागदावर तरी आहे. जत्रेतला कामगार कुणाच्याच कागदावर नाही.

कायदा नाही का? आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगे बंद. १८ जुलै २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर निकाल दिला, ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुन्हा कान उपटले. सणासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते, आणि ती कुठल्या दिवसांना मिळणार यावरच आमच्याकडे सगळं राजकारण चालतं.

पण नियम नीट वाचा. सार्वजनिक जागेच्या *हद्दीवर* आवाज किती असावा, ते तो सांगतो: त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे हा कायदा शेजाऱ्याचा. ज्याला अभ्यास करायचाय, झोपायचंय, जो आजारी आहे त्याचा. त्याला संरक्षण हवंच. पण ज्याने तीस-चाळीस रुपये देऊन तिकीट काढलं आणि स्पीकरखालच्या पाळण्यात पोरगी बसवली, तिच्या कानाशी आवाज किती, हे मोजायला हा नियम आत येत नाही. कुंपणाशीच थांबतो.

बाहेर हे कुंपण ओलांडलेलं आहे. जर्मनीत प्रेक्षक उभा असतो तिथे अर्ध्या तासाची सरासरी ९९ डेसिबलच्या आत ठेवण्याचं मानक आहे. स्वित्झर्लंडमध्ये सरासरी ९३ च्या वर जाणार असाल तर आधी कळवायचं आणि येणाऱ्यांना कानात घालायचे बोळे फुकट द्यायचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली. तिथेही लोक नाचतातच.

आता आपल्या खऱ्या भांडणाकडे येतो. आवाजाचा विषय काढला की पहिला प्रश्न येतो, 'आमच्याच जयंतीचा आवाज टोचतो का? त्यांच्या मिरवणुकीत कुठं होता?' आणि यात तथ्य आहे, राव. कुणाची गाडी जप्त होते आणि कुणाच्या गाडीपुढे बंदोबस्त चालतो हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण या वादात दोन्ही बाजूंचे पुढारी मागे, गाडीत काचा लावून बसलेले असतात. पुढे नाचणाऱ्या पोरांच्या पेशींना जात नसते म्हणून हे सांगत नाही. सांगतो यासाठी की दुसऱ्याच्या आवाजाला उत्तर म्हणून आपण आपल्याच पोरांचे कान खर्च करतोय.

दुसरा ठरलेला उपाय म्हणजे 'पारंपरिक वाद्यं वाजवा'. ढोल-ताशा पथकात जवळ उभं राहून बघा, तोही काही कमी नसतो. फरक एवढाच की हलगीवाल्याचा हात दुखतो, तो थांबतो, चहा पितो. ॲम्प्लिफायरला चहा लागत नाही. (पश्चिम महाराष्ट्रात या भिंतींना 'डॉल्बी' म्हणतात. रे डॉल्बींनी १९६५ मध्ये कंपनी काढली आणि ती गाजली टेपवरची खरखर *कमी* करण्याच्या तंत्राने. बिचारे.)

मला जत्रा बंद नको. जत्रेच्या जागेचा लिलाव नगरपालिका किंवा ग्रामपंचायत करते, करारावर सह्या घेते. त्या करारात चार ओळी घाला. एका पाळण्याला एकच स्पीकर, आणि त्याचं तोंड रांगेकडे नको. मोजणी हद्दीवर नाही, लेकरू बसतं त्या सीटवर. दर तासाला दहा मिनिटं सगळं बंद. कामगारांना कानाचे मफ ठेकेदाराने द्यायचे. अंबाजोगाईला आपल्याच जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. जत्रेत आरोग्य खात्याचा तंबू असतोच, तिथे कानांचंही एक टेबल लागू द्या.

तोवर तुमच्यापुरतं. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही, त्याने फारसं काही अडत नाही. फोमचे इअरप्लग नीट दाबून, कान वर ओढून घातले तर वीसेक डेसिबल कमी होतात आणि गाणं तरीही ऐकू येतं. लहान लेकरांना प्लग नको, बाहेरून बसणारे मफ लावा. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल उतरतात, म्हणून पाच मीटरवरून वीस मीटरवर या. आणि जत्रेतून घरी जाताना इअरफोन घालू नका, त्या दिवशीचा कोटा संपलेला असतो.

मी आमच्या तालुक्यातल्या तीन मेडिकलमध्ये इअरप्लग मागितले. दोघांनी कानात टाकायचे ड्रॉप काढून दिले. तिसरा म्हणाला, 'ऑनलाइन बघा. इथं कोण घेतंय?' मी दहा जोड्या मागवायला सांगून, पैसे आधी देऊन आलोय.