पत्रे मालकांची, श्रम कोणाचे?

पश्चिम जावाच्या डोंगराळ प्रदेशात केर्कहोवेन या डच घराण्याने चहाचे मळे वसवले. त्यातील रुडॉल्फ केर्कहोवेन १८७३ मध्ये गांबुंगला आला आणि १९१८ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. या घराण्याच्या पत्रांवर आधारलेली हेला हासे यांची कादंबरी १९९२ मध्ये हॉलंडमध्ये गाजली. रान तोडणारा, चिकाटीने मळा उभा करणारा मालक त्या पत्रांतून दिसतो. हे चित्र खोटे नाही, अपुरे आहे.

मालकाचे कष्ट मान्य केले तरी प्रश्न उरतोच : जमीन आली कोठून? जावात पूर्वी डच सरकार स्वतःच सक्तीने पिके काढून घेत असे. १८७० च्या कृषी कायद्याने खाजगी भांडवलाला दार उघडले. ज्या जमिनीवर कोणास मालकी सिद्ध करता येणार नाही ती सरकारची, असे त्याच वर्षीच्या हुकुमाने ठरले. सुंदानी शेतकऱ्याजवळ वहिवाट होती, कागद नव्हता. असे ‘पडीक’ ठरवलेले रान ७५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मळेवाल्यांना मिळाले. या मळ्यांत पुढे आसामी जातीचा चहा रुजला. आणि आसामातही इंग्रजांनी ‘पडीक’ जमिनीचे नियम करूनच मळेवाल्यांची सोय लावली होती. मालक दोन, युक्ती एकच.

घराण्याचे आप्त बोस्खा १८९६ पासून १९२८ पर्यंत मलबार मळ्याचे व्यवस्थापक होते. लेंबांगची वेधशाळा त्यांच्या देणगीतून उभी राहिली. त्यांचे औदार्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु मळ्याच्या नफ्यातून किती वेधशाळेला द्यावे आणि किती मजुरीत, हे ठरविण्याचा अधिकार पाने खुडणाऱ्या स्त्रीला कधीच नव्हता. मालकाचा दानधर्म मजुराच्या हक्काची जागा घेऊ शकत नाही.

१९४९ मध्ये सत्तांतर झाले, ते चार अब्जांहून अधिक गिल्डरचे कर्ज इंडोनेशियाच्या माथी मारून. १९५७-५८ मध्ये डच मळे राष्ट्राच्या ताब्यात आले, सरकारी कंपन्यांकडे गेले. पाने खुडणारे हात मात्र मजुराचेच राहिले. २०२० मध्ये डच राजाने स्वातंत्र्ययुद्धातील अतिरेकी हिंसेबद्दल क्षमा मागितली. ती क्षमा हिंसेपुरतीच होती.

मालकांची पत्रे अवश्य वाचावीत. पण जमिनीच्या कागदाशेजारी ठेवून वाचावीत. केवळ धनी बदलल्याने कष्टकरी धनी होत नाही. जमीन आणि नफा यांवर त्याचा हक्क प्रस्थापित होईल, तेव्हाच वसाहतवाद खऱ्या अर्थाने संपेल.