संहिता आणि कुलूप

संगणकाची आज्ञावली ही वाङ्मयकृती होय, ही भूमिका कोणा उत्तर-संरचनावाद्याची नव्हे. ती कायद्याची आहे. अमेरिकेत तिला याच नात्याने प्रताधिकार मिळतो. भारताच्या १९५७च्या कायद्यातही १९८४च्या दुरुस्तीने तिची गणना वाङ्मयकृतींत झाली. मात्र संरक्षण मागणारी आज्ञावली ती संहिता आणि तिचे कुलूप उकलून दाखवणारी ते यंत्र, असा दुटप्पी न्याय रूढ झाला आहे. डीव्हीडीवरील सांकेतिक कुलूप उघडणारी ‘डी-सीएसएस’ १९९९मध्ये प्रसृत झाली. १९९८च्या अमेरिकी कायद्याच्या आधारे तिच्या प्रसिद्धीस मनाई झाली. २००१मध्ये तेथील अपील न्यायालयाने आज्ञावली ही अभिव्यक्ती असल्याचे मान्य केले आणि ती कार्यही करते, म्हणून मनाई कायम ठेवली. पण कार्य तर प्रत्येकच आज्ञावली करते. त्यामुळे एकीचे वाङ्मयत्व उणावत नसेल, तर दुसरीचेच का उणावावे? नकलेची भीती खरी. परंतु नकलेविरुद्ध प्रताधिकार होताच. सुरक्षेचा आधारही लटका आहे: चाळीस बिटांची किल्ली मुळातच तोकडी होती, वाचकाने ती तोकडी केली नाही. दोष दाखवणारे भाष्य दडपल्याने संहिता निर्दोष ठरत नाही. ज्यांना टीका सोसत नाही, त्यांनी आपल्या कृतीस वाङ्मय म्हणवून घेण्याचा हक्कही सोडावा.