शिकाऊ परिचारिकेची अर्धवेळ नोकरी

आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलींपैकी, आणि अलीकडे मुलांपैकीही, अनेकजण परिचर्येच्या शिक्षणाकडे वळतात. त्यामागे सेवेची ओढ असते, तशीच लवकर स्वतःच्या पायावर उभे राहण्याची निकडही असते. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. ही वर्षे ज्या घराला काढावयाची असतात ते घर बहुधा शेतमजुराचे, सफाई कामगाराचे, बांधकामावरील बिगाऱ्याचे किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या माउलीचे असते. म्हणून प्रवेशाची पावती हाती पडते न पडते तोच पालक विचारतात, "सर, शिकता शिकता एखाद्या दवाखान्यात काम मिळेल का?"

काम मिळते. किंबहुना नको तितक्या सहजपणे मिळते, आणि म्हणूनच या प्रश्नाचा विचार सावधपणे करावा लागतो. माझे मत प्रथमच स्पष्ट सांगतो. शिक्षणाला पोसणारे काम विद्यार्थिनीने अवश्य करावे. शिक्षण गिळणारे काम मात्र, ते रुग्णालयातले असले आणि त्याला 'अनुभव' असे गोंडस नाव दिलेले असले तरी, करू नये. या दोहोंतला भेद ओळखण्याचे ओझे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या एकटीच्या डोक्यावर ठेवणे हा अन्याय आहे. ते पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि समाजाने वाटून घेतले पाहिजे.

हा भेद कळण्यासाठी या शिक्षणाचे स्वरूप आधी ध्यानी घ्यावे. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सकाळचे तास आटोपून दुपारी दुकानात उभे राहता येते. परिचर्येच्या विद्यार्थिनीचे तसे नाही. वर्गातील तासांखेरीज तिला रुग्णालयाच्या निरनिराळ्या विभागांत प्रत्यक्ष काम शिकावे लागते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांप्रमाणे सिद्धान्त आणि प्रात्यक्षिक या दोहोंत किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी हाती येण्यापूर्वी रुग्णालयातील प्रात्यक्षिक १०० टक्के पूर्ण करावे लागते. म्हणजे बुडालेला प्रत्येक दिवस पुढे कधी तरी भरून काढावाच लागतो. दिवसभर वॉर्डात उभी राहिलेली मुलगी रात्री पुन्हा दुसऱ्या रुग्णालयात बारा तासांची पाळी करू लागली, तर ती अभ्यास केव्हा करणार आणि झोपणार केव्हा? झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी औषधाची मात्रा वाचणाऱ्या हाताखाली एक रुग्ण असतो, याचा विसर पडू देता येत नाही.

आता नको तितक्या सहजपणे मिळणाऱ्या कामाविषयी. शहरांतील आणि तालुक्याच्या गावांतील कित्येक लहान खाजगी रुग्णालयांना कमी पगारात राबणारी माणसे हवी असतात. नर्सिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी म्हणजे त्यांच्या दृष्टीने मोठी सोय. तिला पांढरा गणवेश चढविला जातो, रुग्ण तिला 'सिस्टर' म्हणू लागतात आणि पंधरवड्यातच सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, रात्री एकटीने वॉर्ड सांभाळणे ही कामे तिच्यावर येऊन पडतात. नेमणुकीचे पत्र नसते आणि पगार रोख असतो. महाराष्ट्रात परिचारिका म्हणून काम करावयाचे तर अभ्यासक्रम उत्तीर्ण होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. महाविद्यालयाच्या प्रात्यक्षिकात विद्यार्थिनी इंजेक्शन देते ती शिक्षिकेच्या देखरेखीखाली. बाहेरच्या रुग्णालयात तीच गोष्ट ती एकटीने करते तेव्हा तिच्या पाठीशी कायदाही नसतो आणि कोणी माणूसही नसतो. काही विपरीत घडले तर मालक हात झटकतात आणि नाव पुढे येते ते तिचे.

आपल्या एका माजी विद्यार्थिनीची हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. दुसऱ्या वर्षात असताना तिने एका लहान रुग्णालयात रात्रपाळी धरली. 'पेशंटजवळ बसायचे आणि ताप-नाडी लिहायची' असे तिला सांगण्यात आले होते. आठवड्याभरातच तिच्या हाती इंजेक्शनचा ट्रे आला. तिने नम्रपणे नकार दिला आणि दुसऱ्या दिवशीपासून तिला येऊ नको असे सांगण्यात आले. केलेल्या रात्रींचे पैसेही मिळाले नाहीत. पुढे तिच्याच महाविद्यालयातील एका शिक्षिकेच्या शब्दावर तिला दुसऱ्या रुग्णालयात केस पेपरच्या खिडकीवर सायंकाळचे तीन तासांचे काम मिळाले. पैसे कमी होते. पण अभ्यास टिकला आणि नावही स्वच्छ राहिले. आज ती नोंदणीकृत परिचारिका आहे. तिच्या त्या नकारामागे केवढे धैर्य होते हे ज्याच्या घरी महिन्याअखेरीस पीठ संपते त्यालाच कळेल.

या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे आणि आपल्या समाजाने तो डोळ्यांआड करू नये. रुग्णालय ही एक उतरंड आहे. सफाई कामगार, वॉर्डबॉय, आया, परिचारिका, डॉक्टर अशा तिच्या पायऱ्या आहेत आणि सर्वांत खालच्या पायरीवर कोणत्या वस्तीतली माणसे अधिक दिसतात हे सांगण्यास इतिहासाच्या अभ्यासकाची गरज नाही. रुग्णाची घाण काढणे हे काम ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, त्यांची मुलगी शिकाऊ असताना 'मावशी'च्या कामावर लागली, तर तिला त्याच पायरीवर रोखून धरणे व्यवस्थेला सोयीचे जाते. 'इतके दिवस काम करतेस, पगार वाढवून देतो, परीक्षेचे पुढच्या वर्षी पाहू' हे वाक्य अनेकींच्या शिक्षणाचा शेवट ठरते. काम हलके म्हणून ते टाळावे असे मी म्हणत नाही. कोणतेही काम माणसाला हलके करीत नाही. त्या कामापायी प्रमाणपत्राची वाट बंद होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडलेल्या एका भिक्खूची कथा आहे. तो स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याची विचारपूस करीत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर निजविले आणि संघाला रुग्णसेवेचा उपदेश केला. त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता आले पाहिजे, पथ्य काय आणि अपथ्य काय हे कळले पाहिजे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावनेने सेवा करता आली पाहिजे, मलमूत्र उचलताना किळस येता कामा नये आणि रुग्णाला धम्माच्या शब्दांनी धीर देता आला पाहिजे. यातील तिसऱ्या गुणाचा आधार घेऊन कोणी म्हणेल की सेवेत पैशांचा हिशेब कशाला? हा युक्तिवाद मुलींना तुटपुंज्या पगारावर राबविणाऱ्यांच्या तोंडी वारंवार असतो. परंतु तेथे सांगितली आहे ती शुश्रूषकाच्या मनाची वृत्ती. त्याला उपाशी ठेवण्याची मुभा कोणाला दिलेली नाही. शिवाय पाचांपैकी पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. करुणा असली तरी औषध कळलेच पाहिजे. म्हणून जी नोकरी ज्ञान संपादण्याच्या आड येते ती सेवेच्याही आड येते.

श्रम आणि शिक्षण यांचे वैर आहे, असा याचा अर्थ नव्हे. महाराष्ट्राची परंपरा उलट सांगते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हे सूत्र रुजविले. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. तेथे वर्ग सकाळी भरत, जेणेकरून नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे. स्वतः बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठवून, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज घेऊन १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. या तिन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. कामाचे वेळापत्रक शिक्षणाच्या सोयीने आखलेले होते. कामाच्या सोयीने शिक्षण वाकविलेले नव्हते. तोच निकष आपण लावावा.

मग काम शोधावे कसे आणि कोणते? पहिली गोष्ट, आपल्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना विचारल्यावाचून काम धरू नये. वसतिगृहाचे आणि महाविद्यालयाचे नियम आड येत असतील तर ते आधीच कळलेले बरे. त्यानंतर मोठ्या, नावारूपाला आलेल्या रुग्णालयात जाऊन तेथील अधिसेविकेला किंवा कर्मचारी विभागाला भेटावे, विद्यार्थिनी असल्याचे स्पष्ट सांगावे आणि अर्ज लेखी द्यावा. नोंदणीची खिडकी, स्वागत कक्ष, रुग्णांच्या कागदपत्रांचा विभाग, संगणकावरील नोंदी, रुग्णाला तपासणीसाठी नेणे-आणणे, जेवण भरविण्यास मदत करणे अशी कामे विद्यार्थिनीला करता येण्याजोगी असतात. रुग्णालयाची भाषा, शिस्त आणि घाबरलेल्या नातेवाइकाशी कसे बोलावे याचे शिक्षण त्यांतूनही मिळते. ए.एन.एम. होऊन नोंदणी केलेली आणि पुढे शिकू पाहणारी मुलगी असेल, तर तिला तिच्या पात्रतेचे काम उघडपणे करता येते. काही घरांसाठी हा पायरीपायरीचा मार्गच अधिक सुरक्षित ठरतो. घरी रुग्ण सांभाळण्यासाठी माणसे पुरविणाऱ्या ब्युरोंपासून मात्र दूर राहिलेले बरे. नोकरी लावून देण्यासाठी आगाऊ पैसे किंवा मूळ प्रमाणपत्रे मागणाऱ्याच्या तर दारातही उभे राहू नये.

काम मिळाल्यावर पालकांनी चार प्रश्न स्वतः जाऊन विचारावेत. कामाचे स्वरूप आणि तास पत्रावर लिहून देणार का? पगार बँकेत जमा होणार का? परीक्षेच्या आणि प्रात्यक्षिकाच्या काळात सुटी मिळणार का? रात्री उशीर झाल्यास घरी पोहोचविण्याची सोय काय? रुग्णांच्या संपर्कातले काम असेल तर हातमोजे मिळतात का हे पाहावे आणि हिपॅटायटिस बी या काविळीची लस आधी घ्यावी. ती एका मात्रेत पूर्ण होत नाही. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी, २०१३ च्या कायद्यानुसार, महिलांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते. ती आहे का हे विचारण्यात संकोच कसला?

याहूनही आधीचा एक प्रश्न आहे: काम खरोखर करावेच लागणार आहे का? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आज वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असलेल्या घरांतील मुलांना ती मिळते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची स्वाधार योजनाही आहे. जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते वेळेवर जोडले नाही म्हणून हा हक्क हातचा जातो आणि मग मुलगी रात्रपाळी शोधत फिरते, असे घडू देऊ नये. नोकरी धरण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयात जाऊन या योजनांच्या अटीही समजून घ्याव्यात. कमावलेल्या थोड्या पैशांपायी मोठी मदत गमावणे शहाणपणाचे नाही.

तरीही एक उणीव उरतेच. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येते, मेसचे आणि खोलीभाड्याचे पैसे मात्र पहिल्या तारखेला द्यावे लागतात. मुलींना चुकीच्या नोकरीकडे ढकलते ती ही मधल्या दोन-चार महिन्यांची ओढाताण. ती दूर करणे आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन सूचना मांडतो. रुग्णालयांत काम करणाऱ्या आपल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने, मग तो डॉक्टर असो, परिचारिका असो वा लिपिक, आपले नाव आणि गाव शाळेच्या कार्यालयात नोंदवावे, म्हणजे काम शोधणाऱ्या मुलीला विश्वासाचे एक दार तरी ठाऊक असेल. दुसरे, माजी विद्यार्थी संघाने एक लहानसा फिरता निधी उभारावा. शिष्यवृत्ती येईपर्यंत त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी आणि ती आल्यावर परत घ्यावी. दान मागण्याची पाळी कोणावर येऊ नये आणि निधीही आटू नये.

निधीचा हिशेब दरवर्षी सर्वांसमोर मांडला जावा आणि पहिल्या वर्षी त्याने एवढेच साधावे की, शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसलेल्या आपल्या एकाही मुलीला त्या महिन्यात रात्रपाळी करावी लागली नाही.