आरएक्सचा आवाज आणि बाबांचं सोयाबीन

आमच्या रूममध्ये गेले पंधरा दिवस सबमिशन, मेसचं वरण, कोणाची के.टी. राहिली, हे सगळे विषय बंद आहेत. विषय एकच. रूमपार्टनरला गाडी घ्यायची आहे. सोयाबीन विकून बाबांनी सत्तर हजार हातात दिले आणि वर एकच वाक्य, "पाहून घेजो बापा, दुसऱ्या खेपेले पैसे नाई भेटत." दर शनिवारी मूर्तिजापूरच्या बाजूला गावाकडे जायचं आणि सोमवारी पहिल्या लेक्चरच्या आत अमरावतीत परत यायचं, एवढंच त्या गाडीचं काम.

सत्तर हजारांत दोन गाड्या समोर आल्या. एक अकोल्याची, एमएच-३० पासिंगची, १९९५ ची आरएक्स-१००. ब्लॉक बोअर केलेला, पोर्टिंग, मोठा कार्ब्युरेटर, चेंबरवाला सायलेन्सर, सगळं काही. दुसरी इथलीच एमएच-२७, २०२१ ची पल्सर १५०, शोरूममधून निघाली तशीच. पहिली पाहून आल्यापासून आमचे साहेब झोपेत गिअर टाकतात. "अबे, आवाज तं ऐक तिचा! पल्सर कायले घेऊ? पल्सर तं आमच्या गावचा ग्रामसेवक चालवते." होस्टेलचं बहुमत आरएक्सकडे आहे. मी अल्पमतात, म्हणून लिहायला बसलो.

आधी आरएक्सचं जे आहे ते तिला देऊन टाकू. १९८५ ते १९९६ एवढीच वर्षं ही गाडी आपल्याकडे बनली. तेव्हा आपल्यापैकी कोणी जन्मलाही नव्हता, तरी चौकातून गेली की मान वळतेच. बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. ताकद ११ हॉर्सपॉवर. पल्सरची १४. पण आरएक्सचं वजन शंभर किलोच्या आसपास आणि पल्सरचं दीडशेच्या जवळ. भागाकार करून पाहा, सिग्नल सुटल्यावर पुढे कोण राहील ते कळेल. शिवाय रस्त्यात बंद पडली तर बोरगाव मंजूचा कोणताही मिस्त्री प्लग काढून, घासून, फुंकर मारून चालू करून देतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा पिवळा दिवा लागला की तोच मिस्त्री हात वर करतो. हे सगळं मान्य.

पण हे गुण कंपनीच्या आरएक्सचे झाले. अकोल्याची गाडी ती नाही.

तिचा जो आवाज साहेबांना झोपू देत नाही तो चेंबरचा. मेकॅनिकलवाल्यांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येतं तेव्हा एक्झॉस्ट पोर्ट उघडाच असतो, त्यामुळे थोडं मिश्रण न जळताच बाहेर पळतं. चेंबरचं फुगलेलं पोट आणि पुढचा निमुळता भाग अशा मापाने बनवतात की दाबाची लाट तिथे आपटून परत फिरते आणि पळालेलं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ना पट्टा, ना पंखा, तरी काम सुपरचार्जरचं. गरिबाचा सुपरचार्जर म्हणा! कल्पना खरंच झकास आहे. मात्र ही लाट ठरावीक आरपीएमलाच वेळेवर पोचते, त्याच्या खाली गाडी आजारी माणसासारखी चालते. आणि जास्त मिश्रण जळलं म्हणजे उष्णताही जास्त. ती बाहेर टाकायला फिन्स मात्र हवेवर थंड होणाऱ्या जुन्या ब्लॉकच्याच. कावासाकीने २०१५ मध्ये निंजा एच-२ ला सुपरचार्जर लावला, तेव्हा पिस्टनपासून कूलिंगपर्यंत इंजिनच त्या हिशोबाने बनवलं होतं. आपल्याकडे इंजिन जुनं तेच राहतं आणि हिशोब मिस्त्रीच्या कानावर असतो. कान चांगला असेल तर गाडी उडते, यात शंका नाही. पण तो कान गाडीसोबत विकत मिळत नाही. कोणता पोर्ट किती घासला, जेट कोणत्या नंबरचा टाकला, हेड किती कापलं, याचा कागद नसतो. सत्तर हजार देऊन आपण ड्रॉइंग नसलेला जॉब घेतो. वर्कशॉपमध्ये असा जॉब दाखवला तर सर फाइल फेकतात.

त्यात आपला वऱ्हाड. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जाणं ही काही बातमी नाही. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या पेट्रोलवर सेट केलेल्या कार्ब्युरेटरचं मिश्रण आणखी पातळ होतं. पातळ मिश्रण जास्त तापतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या गाडीत पेट्रोल कमी गेलं की ऑइलही कमी जातं. पुढचं उत्तर वायवात विचारतील: पिस्टन फुगतो, सिलिंडरला धरतो, गाडी सीझ.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिलं. मामेभावाची अशीच बनवलेली आरएक्स होती. मे महिना, दुपारचे दोन, मी मागे बसलेलो. चौथ्या गिअरमध्ये दहा-पंधरा मिनिटं फुल थ्रॉटल, आणि एकाएकी आवाज गेला. मागचं चाक जाम. डांबरावर काळी रेघ ओढत आम्ही कडेच्या मुरमात गेलो. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने वेळेवर गाडी काढली म्हणून मी हे लिहून रायलो. भावाचं कॉलर बोन मोडलं, माझा गुडघा सोलला. क्लचवर दोन बोटं ठेवून चालवायची असते हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं. आता अमरावती-अकोला रस्ता आणखी गुळगुळीत झाला आहे. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटरची लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी करून गिनीज बुकात नाव गेलं. असा रस्ता मिळाला की हात आपोआप पिळला जातो. आणि थांबवायला काय? आरएक्सला पुढे ड्रम ब्रेक. वेग वाढवायला लोक हजारो घालतात, ब्रेकला नवे लायनर टाकायला रडतात. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे पल्सरला ते कंपनीकडूनच आलं.

कागदाचं थोडक्यात. आरसीवरच्या माहितीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातात इन्शुरन्सवाल्याने ब्लॉक पाहिला तर तो क्लेम का देईल? आणि १९९५ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षं केव्हाच संपली, दर पाच वर्षांनी रिपासिंग, वर पर्यावरण कर. अकोल्याच्या मालकाला रिपासिंगबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "होऊन जाते ना भाऊ, टेन्शन नको घेऊ." कोणाचं टेन्शन, हे सांगितलं नाही.

आरएक्स घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. नोकरी लागल्यावर घ्या, दुसरी गाडी म्हणून घ्या आणि न छेडलेली घ्या. ब्लॉक कितव्या ओव्हरसाइझवर आहे ते विचारा, कारण शेवटच्या साइझवर असेल तर पुढचा खर्च नव्या स्लीव्हचा. प्लग स्वतः काढून पाहा. चॉकलेटी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर नमस्कार करून परत या. पण वर्षात एकच गाडी, एकच रस्ता आणि बाबांचे एकदाच मिळालेले पैसे असतील तर ग्रामसेवकाची गाडी बरी.

रूमपार्टनरला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणे, "लिहिलं बरोबर आहे बे, पण तुले आवाज कळत नाई." तरी रविवारी पल्सर पाहायला जायचं ठरलं आहे. प्लग पाना मी घेतला आहे. पल्सरच्या मालकाला अजून त्याने फोन केलेला नाही.