पानांकडे नको, बुंध्याकडे बघा

रस्त्याकडेचा गुलमोहर पडला की आपण वाऱ्या-पावसाला बोल लावतो. पण पडलेल्या झाडाच्या मुळांशी कधी वाकून बघा. निरोगी झाड उन्मळलं तर मुळांसकट मातीचा मोठा गड्डा वर येतो. इथे अनेकदा तसं काही दिसत नाही. मुळं बुंध्यालगतच तुटलेली असतात आणि तुटल्या जागी लाकूड पांढरट, ओलसर, बोटांनी कुस्करता येईल इतकं मऊ झालेलं असतं. वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिला. खरं काम मातीतल्या बुरशीने कित्येक वर्षं आधीपासून चालवलं होतं.

या बुरशांमधली आपल्या शहरांत नेहमी भेटणारी म्हणजे गॅनोडर्मा. गुलमोहर, सोनमोहोर, सुबाभूळ, शिसम, नारळ, कशावरही ती जगते. झाड तोडल्यावर जमिनीत राहिलेल्या खुंटात आणि मुळांच्या तुकड्यांत ती वर्षानुवर्षं तग धरते. शेजारच्या झाडाचं मूळ त्या कुजक्या मुळाला टेकलं की तिथून पुढे सरकते. म्हणूनच एका ओळीतली झाडं काही वर्षांच्या अंतराने एकामागून एक जाताना दिसतात. एरवी आत शिरायला तिला जखम लागते, आणि ती जखम बहुतेक वेळा आपण केलेली असते. केबलसाठी चर खणला, जलवाहिनी टाकली, पदपथ नवा केला. प्रत्येक वेळी मूळ आडवं आलं की कुदळीने तोडलं, वर माती ओढली, ब्लॉक बसवले, काम संपलं.

फसगत होते ती पानांमुळे. खोडाचा बाहेरचा जिवंत थर शाबूत असेपर्यंत पाणी वर चढत राहतं, पानं हिरवी राहतात, मे महिन्यात फुलंही येतात. दरम्यान झाडाला उभं धरून ठेवणारी जाड मुळं आणि बुंध्याचा गाभा कुजत असतो. तेव्हा शेंड्याकडे बघून झाडाची तब्येत ठरवू नका.

पावसाळ्यात आपल्या गल्लीतल्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती एक फेरी मारा. जमिनीलगत, लाकडातूनच बाहेर आलेली अर्धगोल, कडक छत्री दिसते का बघा. वरून ती तांबूस-तपकिरी असते, बरेचदा चकचकीत. वाढती कड पांढरी किंवा पिवळसर. आजूबाजूच्या पाचोळ्यावर आणि खुद्द छत्रीच्या पाठीवर बारीक तपकिरी पूड साचलेली असते. ते बुरशीचे बीजाणू. शेणखतावर उगवून दोन दिवसांत विरघळणारी मऊ कुत्र्याची छत्री वेगळी, तिला घाबरायचं कारण नाही. शिवाय बुंध्यावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकून बघा. एका बाजूला भरीव आणि दुसऱ्या बाजूला पोकळ आवाज आला, किंवा झाड कललं असून कलाच्या विरुद्ध बाजूला जमीन उचलली गेली असेल, तर ते लगेच कळवायला हवं.

छत्री दिसली की ती लाथेने उडवून लावायची, एवढ्यावर पुष्कळजण थांबतात. त्याने काही साधत नाही. छत्री हे नुसतं फळ. बुरशीचा खरा पसारा लाकडाच्या आत असतो. उलट खूणच नाहीशी होते. आधी फोटो काढा: एक जवळून, एक पूर्ण झाडाचा. पालिकेच्या उद्यान विभागाकडे किंवा वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या. तोवर त्या झाडाखाली गाडी लावू नका, हातगाडी उभी करू देऊ नका, मुलांना झोका बांधून देऊ नका. आणि घाबरून परस्पर झाड तोडूही नका. महाराष्ट्रात 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार शहरी भागात परवानगीशिवाय झाड तोडणं गुन्हा आहे. शिवाय प्रत्येक बाधित झाड तोडावंच लागतं असंही नाही. कूज किती खोल गेली आहे हे जाणकाराने तपासून फांद्यांचा भार हलका केला, तर काही झाडं आणखी बरीच वर्षं उभी राहतात.

आता औषधाचं. कुजलेलं लाकूड परत भरीव करणारं औषध नाही, तसा दावा कोणी केला तर पैसे देऊ नका. डिझेल, फिनेल असलं काही मुळांत ओतू नका. बुरशी राहते आणि मुळं जळतात. ट्रायकोडर्मा उपयोगी आहे, पण निरोगी शेजाऱ्यांसाठी. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, माती ओली असताना आळ्यात द्यावं, आणि त्याच सुमारास तिथे तांबेयुक्त औषध टाकू नये, नाहीतर ही उपकारक बुरशीच मरते. खोदकामात मूळ तुटलंच, तर टोक धारदार करवतीने साफ कापून त्यावर बोर्डो पेस्ट लावावी: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करायचं. स्वच्छ लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला.

पण माझा खरा आग्रह मातीसाठी आहे. 2013 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. आपल्या सोसायटीसमोर तेवढं करायला कोणत्या लवादाची वाट बघायची? पालिकेला कळवून बुंध्याभोवतीचे ब्लॉक उचलायला लावा. मात्र तिथे मातीचा ढीग रचून बुंधा गाडू नका आणि गाड्या धुतलेलं पाणी तिकडे सोडू नका. सतत ओल राहिली की बुरशीचं फावतं.

मेलेल्या झाडाच्या जागी नवं लावायचं असेल, तर खुंट आणि हाताला लागतील तेवढी जाड मुळं आधी काढून टाका. ती तिथेच पुरू नका. खड्डा उन्हाळाभर उघडा तापू द्या, नवी माती भरा, जमल्यास जागा थोडी सरकवा, आणि तीच जात पुन्हा लावू नका. पूर्ण रांग एकाच जातीची करण्यापेक्षा मिश्र झाडं बरी. आणि रस्ता खणायला माणसं आली की खाली उतरा. मुकादमाला बुंध्यापासून दुरून चर घ्यायला सांगा. ऐकलं नाही तर तिथूनच वॉर्ड ऑफिसला फोन लावा.