विश्लेषण : जीडीपी सावरला, मग लोकांना तसं का वाटत नाही? राजूरच्या एका गल्लीतून पाहिलं तर...

ऑक्टोबर 2025 मध्ये देशातली किरकोळ महागाई 0.25 टक्क्यांवर आली. तेव्हाच्या मालिकेतला हा सर्वांत कमी आकडा. त्याच महिन्याच्या आगेमागे जीएसटी कपात झाली, आणि जुलै-सप्टेंबर तिमाहीत अर्थव्यवस्था 8.2 टक्क्यांनी वाढल्याचंही जाहीर झालं. अशा दिवशी आम्हा डिजिटल डेस्कवाल्यांचं काम ठरलेलं असतं. पाच मिनिटांत अलर्ट, दहा मिनिटांत ग्राफिक, ग्राफिकवर वर जाणारा हिरवा बाण.

महागाईची बातमी लावून मी वणीला घरी फोन केला. महागाई जवळपास शून्यावर आली, असं आईला सांगितलं. ती म्हणाली, "कुठी सस्तं झालं बाप्पा?"

आकडा खोटा नाही आणि आईही खोटं बोलत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, हे समजून घ्यायला दिल्ली-मुंबईपेक्षा वणीपासून हाकेच्या अंतरावरचं राजूर जास्त उपयोगी आहे. पण आधी हा 'मूड' मोजतात कसा, ते पाहू.

मूड मोजायची पट्टी कोणती?

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी ग्राहकांच्या विश्वासाची पाहणी करते. प्रश्न साधारण पाच गोष्टींबद्दल असतात : देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, वस्तूंचे भाव, घरचं उत्पन्न आणि घरचा खर्च. वर्षापूर्वीपेक्षा आज कसं आहे, आणि वर्षभरानंतर कसं असेल असं वाटतं, हे दोन्ही विचारलं जातं. 'सुधारलं' म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून 'बिघडलं' म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा करायची, पाचही उत्तरांची सरासरी काढायची आणि त्यात 100 मिळवायचे. समजा सरासरी 30 जण सुधारलं म्हणाले, 45 जण बिघडलं म्हणाले आणि बाकीचे 'तसंच' म्हणाले, तर निर्देशांक 85. शंभराच्या वर म्हणजे एकूण समाधान, खाली म्हणजे नाराजी.

मे 2021 मध्ये, दुसऱ्या लाटेत, आजच्या परिस्थितीबद्दलचा निर्देशांक 48.5 पर्यंत पडला होता. तिथून तो मार्च 2024 मध्ये 98.5 पर्यंत चढला. सुधारणा मोठी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण 2019 च्या मध्यात हा आकडा शंभराखाली गेला, तो सप्टेंबर 2025 पर्यंत एकदाही शंभर ओलांडू शकलेला नाही. जानेवारी 2020 मध्ये, कोरोनाचं नाव नीट माहीत होण्याआधीच, तो 83.7 होता. म्हणजे ही नाराजी फक्त महामारीच्या खात्यावर टाकता येत नाही.

ही शहरी पाहणी 19 मोठ्या शहरांत होते. महाराष्ट्रातून मुंबई आणि नागपूर. ग्रामीण आणि निमशहरी भागासाठी आता वेगळी पाहणी सुरू झाली आहे, हे चांगलं झालं. तरी सरासरी ती सरासरीच.

राजूरच का?

राजूर हे खेडं म्हणावं तर खेडं नाही आणि शहर तर नाहीच. 'राजूर कॉलरी' हे त्याचं बोलीतलं नाव. कोळसा खाणीमुळे वाढलेली वस्ती, त्याच्या जोडीला चुन्याच्या भट्ट्या, परप्रांतातून आलेल्या कामगारांची दुसरी-तिसरी पिढी आणि भोवती कापसाची काळी शेती. एकाच गल्लीत वेस्टर्न कोलफिल्ड्सचा कायम कामगार, कोळसा वाहतुकीच्या ठेकेदाराकडचा ड्रायव्हर, भट्टीवरची मजूर बाई आणि चार एकरवाला शेतकरी शेजारी शेजारी राहू शकतात. या चार दारांवर रिझर्व्ह बँकेची प्रश्नावली घेऊन गेलो तर काय होईल?

पहिलं दार कायम कामगाराचं. त्याला मे 2023 मध्ये झालेल्या अकराव्या राष्ट्रीय कोळसा वेतन कराराने किमान 19 टक्के वाढ मिळाली, तीही 1 जुलै 2021 पासून लागू, म्हणजे दोन वर्षांचे एरियर्स. दसऱ्याआधी जाहीर होणारा बोनस 2020 मध्ये 68,500 रुपये होता, 2025 मध्ये तो 1,03,000 झाला. या घराला विचारलं तर 'सुधारलं' हेच उत्तर येईल, आणि ते योग्यच आहे. ही वाढ कुणी दान दिलेली नाही, संघटनांनी टेबलावर बसून मिळवलेली आहे.

दुसरं दार ड्रायव्हरचं. तो तोच कोळसा वाहतो, त्याच धुळीतून जातो. बोनस त्याला नाही. ठेक्यावरच्या खाण कामगारांसाठी हाय पॉवर कमिटीने ठरवलेले वेतनदर आहेत, पण ते प्रत्यक्षात पूर्ण हातात पडावेत ही संघटनांची जुनी मागणी अजून मागणीच आहे. ठेका संपला की नवा ठेकेदार कोण येतो, तो जुनी माणसं ठेवतो की नाही, यावर त्याचं वर्ष ठरतं.

आता या दोन दारांमागचा देशपातळीवरचा हिशोब बघा. कोल इंडियाचं उत्पादन 2020-21 मध्ये सुमारे 596 दशलक्ष टन होतं. 2023-24 मध्ये ते 774 दशलक्ष टनांजवळ गेलं. जवळजवळ 30 टक्के वाढ, तीन वर्षांत. याच काळात कंपनीचे कायम कर्मचारी सुमारे 2.59 लाखांवरून 2.29 लाखांवर आले. कोळसा वाढला, कायम माणूस घटला. मधली जागा यंत्रांनी आणि ठेक्यावरच्या माणसांनी भरली. माझ्या मते सावरलेली अर्थव्यवस्था आणि न सावरलेला मूड यांचं सगळ्यात सरळ उत्तर याच दोन आकड्यांत आहे. पहिल्या दारातला माणूस निवृत्त होतो, तेव्हा त्याच्या जागी बहुतेक वेळा दुसऱ्या दारातलाच माणूस येतो.

तिसऱ्या दाराबद्दल थोडक्यात. चुन्याची भट्टी म्हणजे चुनखडी आणि कोळसा थरावर थर रचून भाजायचं काम. कोळसा महागला की भट्टी अडचणीत, मागणी घटली की भट्टी थंड. या बाईचं उत्पन्न रोजावर. 'वर्षापूर्वीपेक्षा उत्पन्न कसं आहे' या प्रश्नाला तिच्याकडे एका शब्दात उत्तर नसतं, कारण तिचं वर्ष महिन्यांत नाही, भट्टी पेटलेल्या दिवसांत मोजलं जातं. जुलै 2024 पासून सुरू झालेल्या 'लाडकी बहीण'च्या 1,500 रुपयांवर शहरात भरपूर विनोद होतात. पण जिच्या घरात दुसरी कुठलीच रक्कम ठरलेली नाही, तिला त्या पैशाचं मोल 1,500 पेक्षा जास्त वाटतं, हे विनोद करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

वेग आणि पातळी यातला गोंधळ

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एक चूक सगळेच करतात, वेग आणि अंतर यांची अदलाबदल. अर्थव्यवस्थेच्या बातम्यांत आपण ती रोज करतो. एप्रिल-जून 2020 मध्ये जीडीपी सुमारे 24 टक्क्यांनी घसरला. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत 20.1 टक्के वाढ झाली आणि 'विक्रमी झेप' अशा हेडलाइन लागल्या. पण 100 चे 76 झाले आणि त्यावर 20 टक्के वाढले, तर होतात 91. लोक 91 वर उभे होते आणि आम्ही त्यांना 20 टक्के दाखवत होतो.

महागाईचंही तेच. 2020-21 पासून 2024-25 पर्यंतच्या पाच वर्षांतली सरासरी महागाई क्रमाने 6.2, 5.5, 6.7, 5.4 आणि 4.6 टक्के. हे एकावर एक चढवा. महामारीआधी 100 रुपयांत भरणारी पिशवी आता साधारण 132 रुपयांत भरते. महागाई 0.25 टक्के झाली म्हणजे ती पिशवी 132 वर थांबली. 100 वर परतली नाही. आईचा प्रश्न पिशवीबद्दल होता, माझा अलर्ट वेगाबद्दल. ज्यांची मिळकत या पाच वर्षांत 32 टक्के वाढली, त्यांना हा फरक जाणवत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दाराला तो रोज किराणा दुकानात जाणवतो.

स्वस्ताई कुणाच्या खिशातून?

चौथ्या दारात प्रश्न उलटा होतो. महागाई 0.25 टक्क्यांवर आली ती मुख्यतः खाण्याच्या वस्तू उतरल्यामुळे. भाजी, डाळ, धान्य. शहरातल्या ग्राहकाला ही चांगली बातमी आहे. पण शेतकऱ्याच्या घरात ज्याला महागाई म्हणतात, त्यातला मोठा भाग हे त्याचं उत्पन्न असतं. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 5,328 रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली विक्री झाली. कापसाचा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 रुपये होता, पण ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं आणि ती सूट पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. खासगी बाजार त्याच्याही खाली होता. सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी हवी आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत हवा. पाऊस लांबलेल्या वर्षी ही दुसरी अट अ‍ॅपपेक्षाही अवघड.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत आजच्यापेक्षा उद्याबद्दलचा आकडा नेहमी वर असतो. मे 2021 मध्येही, आजचा निर्देशांक 48.5 असताना, उद्याचा 96.4 होता. लोक आशावादी आहेत, असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. पण आशेचीही किंमत असते आणि ती कापूस पट्ट्याने मोजलेली आहे. 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. हमीभाव होता 6,025. भाव सर्वांत जास्त चढला तोपर्यंत बहुतेक छोट्या शेतकऱ्यांनी माल विकून टाकला होता. पुढच्या वर्षी तीच चूक नको म्हणून विदर्भात घराघरांत कापूस साठवला गेला. झोपायच्या खोलीत, ओसरीत, अंगाला खाज सुटेपर्यंत. भाव दहा हजारांकडे गेलाच नाही, उन्हाळ्यापर्यंत सात ते आठ हजारांच्या घरात आला. हा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. आदल्या वर्षीच्या आकड्यावरून पुढचा अंदाज बांधणं, हेच तर आम्हीही ग्राफिकमध्ये करतो.

मग गाडी घ्यायची का?

22 सप्टेंबरपासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मूळ किंमत 70 हजार धरली तर साधारण 7 हजार रुपये वाचतात. लोक खर्च करत नाहीत, म्हणून वस्तू स्वस्त करा, हा यामागचा विचार. तो चुकीचा नाही, अपुरा आहे.

देशात 2018-19 मध्ये सुमारे 2.12 कोटी दुचाकी विकल्या गेल्या. 2024-25 मध्ये 1.96 कोटी. सहा वर्षांनंतरही जुना आकडा गाठला गेला नव्हता. याच काळात प्रवासी गाड्यांची विक्री सुमारे 34 लाखांवरून 43 लाखांवर गेली. कार घेणारा सावरला, बाइक घेणारा तेव्हाही रांगेतच होता. हे चित्र आणि आपली पहिली दोन दारं शेजारी ठेवून बघा.

कारण ड्रायव्हरचा प्रश्न 7 हजारांचा नाहीच. हप्ता 36 महिन्यांचा असतो आणि त्याचा ठेका त्याहून लहान. म्हणून ग्राहकांचा विश्वास वाढवायचा असेल तर करकपातीइतकंच लक्ष ठेक्यावरच्या माणसाला पूर्ण दर, वेळेवर पगार आणि ठेकेदार बदलला तरी टिकणारं काम मिळतं का, याकडे द्यायला हवं, असं मला वाटतं. पाहणीतही 'उत्पन्न वाढलं का' याच्या जोडीला 'पुढच्या सहा महिन्यांचं उत्पन्न ठरलेलं आहे का' हा एक प्रश्न घालावा. लोक सरकारवर रुसलेत किंवा माध्यमांनी त्यांना निराश केलंय, असं दरवेळी म्हटलं जातं. एक साधी शक्यता मात्र तपासली जात नाही : लोक आपल्या घरचा हिशोब अगदी बरोबर करत आहेत.

चौथ्या दारातला हिशोब 2025 च्या अखेरीस असा होता : आयात शुल्काची सूट 31 डिसेंबरला संपणार होती. ती पुन्हा वाढली तर आज मिळेल तो भाव बरा. संपली तर जानेवारीत थांबणाऱ्याला दोन पैसे जास्त. कापूस पुन्हा एकदा ओसरीत होता.